रक्त कमी आहे, पण अडलंय कुठे?

शिरूर-दौंडच्या कुठल्याही गावात आशाताई तपासणीचा कागद बघून ‘रक्त कमी आहे’ म्हणते आणि लाल गोळ्या हातावर ठेवते. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून बऱ्याच गोळ्या फळीवरच राहतात. पण नेमाने गोळ्या घेऊनही जिचं हिमोग्लोबिन हलत नाही, तिचं काय?

आपली अस्थिमज्जा दर सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी घडवते. त्यासाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. अन्नातून मिळतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. बाकीचं जुन्या पेशी मोडून येतं. लोह रक्तात किती सोडायचं, हे यकृतात तयार होणारं हेपसिडिन ठरवतं. ते वाढलं की आतड्यातलं लोह आतड्यातच अडतं. अंगात जुनाट सूज किंवा संसर्ग असला तरी हेपसिडिन वाढतं, मग गोळी पोटात जाऊनही फारशी लागू पडत नाही.

हेपसिडिनला खाली ठेवतं मॅट्रिप्टेज-२ नावाचं विकर. हे प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या विकरांपैकी एक. त्याचं महत्त्व कळलं एका विचित्र उंदरामुळे. त्याच्या अंगावरचे केस झडले, तोंडावरचे तेवढे राहिले, म्हणून संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं ‘मास्क’. त्याच्यात हे विकर बिघडलेलं होतं आणि लोहाची कमतरता होती. भरपूर लोह दिल्यावर केस परत आले. त्याच वर्षी, २००८ मध्ये, माणसांतही असाच दोष सापडला. तोंडाने दिलेल्या लोहाला दाद न देणारा पांडुरोग काही घराण्यांत दिसायचा, त्याचं मूळ तिथे होतं. आजार दुर्मीळ आहे, पण त्याने वाट दाखवली. पुढे कळलं की मॅट्रिप्टेज-२लाही आवर घालणारं एक प्रथिन यकृताच्या पेशींत आहे: एचएआय-२. हा प्रोटिएज इनहिबिटर. म्हणजे रक्त किती बनणार, यात रोखणाऱ्याला रोखणारा आणि त्यालाही रोखणारा, अशी साखळी आहे.

पांढऱ्या पेशींचा कारभार आणखी धोक्याचा. त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशी जंतू मारण्यासाठी इलास्टेजसारखी जहाल विकरं पोटात घेऊनच मज्जेत वाढतात. ती भलतीकडे सुटली तर पेशीच मरेल. म्हणून सर्पिन नावाची प्रथिनं पहाऱ्याला असतात. सर्पिन उंदराच्या सापळ्यासारखं काम करतं: विकर त्याचा लोंबता पट्टा तोडायला जातं आणि त्या पट्ट्यासकट दुसऱ्या टोकाला फेकलं जाऊन कायमचं निकामी होतं. सर्पिन-बी१ नसलेल्या उंदरांच्या मज्जेत न्यूट्रोफिलचा साठा घटतो. रक्ताच्या मूळ पेशी दान करणाऱ्याला जी-सीएसएफ या औषधाची इंजेक्शनं देतात. उंदरांना ती दिली तेव्हा मज्जेतली काही सर्पिनं कमी झाली आणि मूळ पेशी रक्तात उतरल्या, असंही दिसलं. मात्र सर्पिन ज्यांना आवरतं ती विकरंच काढून टाकली तरी पेशी उतरतातच, तेव्हा सगळं श्रेय सर्पिनला देण्याची घाई नको.

आता पुन्हा आपल्या भागात. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला डॉ. बानू कोयाजींनी पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. याच केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. दोन-तृतीयांश जणींत बी-१२ कमी निघालं. फोलेटची कमतरता मात्र एकीतच. तांबडी पेशी नीट पिकायला बी-१२ लागतं, आणि लाल गोळीत ते नाही.

दूध, मांस, अंडी ताटात कमी, हे त्याचं मुख्य कारण. शिवाय खाल्लेलं बी-१२ अंगी लागण्यातही प्रोटिएजचा हात आहे. लाळेतल्या एका प्रथिनाला ते चिकटून बसतं. स्वादुपिंडाची ट्रिप्सिनसारखी विकरं ते प्रथिन तोडतात, तेव्हा कुठे ते सुटतं. (हुलगा, सोयाबीन यांत ट्रिप्सिनरोधक असतात, भिजवून, मोड आणून, शिजवून खायची आपली रीत त्यांचा जोर बराच उतरवते.)

थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषात हेपसिडिनचं गणित उलटं होतं. तिथे रक्त कमी असूनही हेपसिडिन दबलेलं राहतं, आणि शरीर गरजेपेक्षा जास्त लोह ओढून यकृतात, हृदयात साठवतं. अशा रुग्णांना लोहाची गोळी घातक ठरू शकते. त्यांच्यासाठी मॅट्रिप्टेज-२ तयारच होऊ नये आणि हेपसिडिन वाढावं, अशी इंजेक्शनं माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचली आहेत.