परळीची वीज आणि पानं उलटणारं घड्याळ

बीड जिल्ह्यातल्या परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्रात १९७१ पासून वीज तयार होते. तिथलं जनित्र मिनिटाला ३,००० फेरे मारतं, म्हणून सेकंदाला ५० आवर्तनांची वीज मिळते. आकड्यांची पानं उलटणाऱ्या जुन्या फ्लिप घड्याळातली सिंक्रोनस मोटर या आवर्तनांच्या तालावरच फिरते. वेळेचं स्वतःचं भान तिला नसतंच.

त्यामुळे अमेरिकेतून आणलेलं घड्याळ इथे फसतं. तिथली वीज ६० आवर्तनांची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट जुळतात, आवर्तनं नाही; घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडतं. उगाच मोटरवर आळ!

घड्याळ बंदच पडलं, तर खरा बिघाड बहुधा वंगणाचा. ते वर्षानुवर्षांत चिकट होतं, गिअर जड होतात आणि मोटर नुसती गुणगुणते. प्लग काढून गिअर साफ करावेत, घड्याळाच्या पातळ तेलाचा थेंब द्यावा. आकड्यांच्या पानांना मात्र तेल लागू देऊ नये, ती एकमेकांना चिकटतात.

कॉइलच जळाली असेल तर मोटर बदलावी. व्होल्ट, आवर्तनं, फेरे आणि दिशा, सगळं जुळायला हवं. मायक्रोवेव्हच्या ताटलीखालची स्वस्त मोटर मोह घालते, पण ती सहसा कधी उजवीकडे फिरते, कधी डावीकडे. भारनियमनात तर दुरुस्त घड्याळही थांबतं. वीज आली की तिथूनच पुढे चालतं आणि वेळ हातानेच लावावी लागते.