वाढत्या अंगाचे क्लब घेऊ नयेत

मुलांसाठी कपडे घेताना आपल्या घरांत एक जुनी रीत पाळली जाते. ‘वाढत्या अंगाचे घ्या, पुढल्या वर्षीही होतील,’ असे आजी सांगते आणि बाह्या दुमडून तो सदरा दोन वर्षे घातला जातो. परकराला आतून टीप घालून ठेवायची आणि मुलगी उंच झाली की ती उसवायची, हेही त्याच शहाणपणातले. कपड्यांपुरते हे सूत्र योग्यच आहे. खेळाच्या साधनांना मात्र ते लागू पडत नाही. नातवंडाला गोल्फची गोडी लागली असेल आणि त्याचे साहित्य घेऊन देण्याचे आपण हौसेने मनावर घेतले असेल, तर ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी.

गोल्फ आता आपल्याला अगदी परका राहिलेला नाही. पुण्यात येरवड्याला आणि मुंबईत चेंबूरला त्याची मैदाने आहेत. पुण्याचा उदयन माने आणि बंगळूरची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले. अदितीला चौथा क्रमांक मिळाला आणि तिचे पदक थोडक्यात हुकले. तरीही हा खेळ खर्चाचा, हे खरेच. निवृत्तिवेतनातून नातवंडाची हौस पुरवणाऱ्यांनी तर पैसा कुठे घालावा आणि कुठे वाचवावा, हे नीट समजून घ्यायला हवे.

या खेळात चेंडू मारण्याच्या काठीला क्लब म्हणतात. नियमानुसार खेळाडूला एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब जवळ बाळगता येतात. ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नव्हे. नवशिक्या मुलाला तीन-चार क्लब पुरतात : मध्यम अंतरासाठी सात नंबरचे आयर्न, जवळच्या फटक्यासाठी वेज, चेंडू भोकात ढकलण्यासाठी पटर आणि जरा सराव झाल्यावर लांब फटक्यासाठी एक हायब्रिड किंवा लहान मुलांचा वुड. पाच मोठ्या स्पर्धा जिंकणारे स्पेनचे सेवे बाय्येस्तेरोस बालपणी समुद्रकाठच्या वाळूवर तीन नंबरच्या एकाच आयर्नने सराव करीत असत. म्हणून संख्येचा मोह सोडावा आणि मापाचा आग्रह धरावा.

मापाचा एवढा आग्रह कशासाठी? क्लब लांब किंवा जड असला की मूल ताठ उभे राहते, मागे झुकते आणि हाताच्या बळाची उणीव कंबरेला हिसका देऊन भरून काढते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा थर असतो. हाडांची वाढ तिथूनच होते. मनगट, कोपर, खांदा आणि कंबर यांवर पुन्हापुन्हा पडणारा ताण या वयात म्हणूनच टाळायचा असतो. शिवाय मोठ्या क्लबाशी झगडताना अंगी बाणलेली चुकीची ढब पुढे योग्य मापाचा क्लब हाती आला तरी लवकर सुटत नाही. खेळताना मूल दुखण्याची तक्रार करू लागले, तर ‘वाढीचे दुखणे आहे’ म्हणून ती झटकून टाकू नये. खेळ थांबवावा, विश्रांती द्यावी आणि दुखणे टिकून राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे.

काही घरांत आजोबांचा जुना संच माळ्यावर असतो आणि त्यातले क्लब कापून आखूड करण्याचा विचार पुढे येतो. त्यात काटकसर दिसते, पण ती फसवी असते. दांडा आखूड झाला तरी टोकाचे डोके मोठ्या माणसाच्याच वजनाचे राहते, कापलेला दांडा अधिक ताठर होतो आणि मूठही लहान हाताला जाडच पडते. तो संच नातवंड मोठे होईपर्यंत जपून ठेवणे बरे.

मुलांचे क्लब वयावरून घेऊ नयेत, उंचीवरून घ्यावेत. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर अंतर असू शकते. खेळाचे बूट घालून मुलाला भिंतीला टेकून उभे करावे, उंची मोजावी आणि ती लिहूनच दुकानात जावे. काही उत्पादक उंचीच्या दर तीन इंचांमागे वेगळे माप ठेवतात. पाचव्या वर्षापासून पौगंडावस्थेपर्यंत मुले साधारणतः वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे नेमक्या मापाचा संच सुमारे दीड वर्ष पुरतो. पौगंडावस्थेत उंची झपाट्याने वाढते, तेव्हा तो त्याआधीच आखूड पडेल.

दुकानात दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात. मुलाला चेंडूसमोर उभे राहतो तसे उभे करून क्लब जमिनीवर टेकवायला सांगावा. डोक्याचा तळ सपाट टेकला पाहिजे; पुढचे टोक उचललेले दिसले, तर क्लब बहुधा लांब आहे. मूठ इंचभर खाली धरावी लागली तर चालते, त्याहून अधिक नको. नंतर तोच क्लब एका हाताने समोर आडवा धरायला लावून सावकाश दहा अंक मोजावेत. हात लगेच थरथरू लागला, तर तो क्लब जड आहे. पोलादी दांड्यापेक्षा ग्रॅफाइटचा दांडा हलका असतो, म्हणून लहानांना तोच सोयीचा. मूल डावखुरे असेल, तर क्लबही डावखुऱ्याचाच मागावा.

खर्च वाचवायचा तो पुढील ठिकाणी. आरंभीचे काही आठवडे प्रशिक्षकाकडचे क्लब वापरू द्यावेत. हौस टिकते का, हे तेवढ्यात कळते. पुढे जुने क्लब शोधावेत. मुलांची मापे लवकर बदलत असल्याने फारसे न झिजलेले क्लब त्याच मैदानावरच्या मोठ्या मुलांकडे मिळू शकतात. ते घेताना डोके हलकेच पिळून पाहावे, ते सैल नसावे. ग्रॅफाइटच्या दांड्यावरून नख फिरवून चीर नाही ना, हे तपासावे. मुठीचे रबर कडक किंवा गुळगुळीत झाले असेल, तर तेवढेच बदलून घेता येते. त्यासाठी क्लब नाकारण्याचे कारण नाही. चेंडूही सरावासाठी वापरलेले चालतात. पिशवी मात्र हलकी आणि दोन्ही खांद्यांवर घेता येईल अशी असावी.

एक नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा : घरात क्लब फिरवायचा नाही आणि मैदानात आपल्याभोवती कुणी नाही हे पाहिल्याखेरीज तो उचलायचा नाही. धाकटी भावंडे नकळत मागे येऊन उभी राहतात आणि फिरत्या क्लबाचा घाव डोक्याला लागू शकतो. घरात पटरने सतरंजीवर चेंडू हलकेच ढकलण्यापुरता खेळ ठेवावा. पाठ आणि तोल साथ देत असेल, तर त्यात आपणही सहभागी व्हावे.

दर सहा महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करून शेजारी तारीख लिहावी. क्लब बदलण्याची वेळ ती खूणच सांगेल. दुकानातली नवी जाहिरात किंवा शेजारच्या मुलाची नवी पिशवी नव्हे. आणि आखूड पडलेला संच माळ्यावर न टाकता पुसून, मुठी तपासून, नुकतीच सुरुवात करणाऱ्या एखाद्या लहानग्याला देऊन टाकावा. आपल्या नातवंडाला जसा कुणाचा तरी संच उपयोगी पडला, तसाच हाही पुढे कुणाच्या तरी मापाचा असतोच.