अख्खं घर बसवायचं म्हणजे

नवरात्रात कोराडीच्या महालक्ष्मी जगदंबेला अख्खी घरं येतात. ज्याच्यासाठी नवस बोललाय तो मधोमध, मागेपुढे आजी, काका, कडेवरची लेकरं. त्याच कोराडी रोडनं नागपुरात शिरलं की प्रादेशिक मनोरुग्णालय लागतं, १८६४ सालचं. अशा संस्थांची रीत उलटी होती. माणूस एकटा आत जायचा, घर फाटकाबाहेर राहायचं.

ही रीत मोडली अमृतसरला, १९५०च्या दशकात. डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना मनोरुग्णालयाच्या आवारात तंबूंत राहायला बोलावलं. कुटुंबोपचाराचे एक प्रणेते साल्व्हादोर मिनुचिन यांचं न्यू यॉर्कच्या गरीब कुटुंबांवरचं गाजलेलं पुस्तक आलं १९६७मध्ये. म्हणजे कुटुंबोपचारात आपण मागे नव्हतो. त्यांनी पुस्तक लिहिलं आणि आपण तंबू गुंडाळले, एवढंच. (वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं नातेवाइकांना सोबत ठेवण्याची पद्धत टिकवली, हे त्यांचं श्रेय.)

आघाताच्या अभ्यासाची वाट वेगळी. आघातानंतरच्या ताणविकाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात जागा मिळाली १९८०मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांचा रेटा त्यामागे होता. त्या मांडणीत घटना घडून गेलेली असते, उरते ती तिची आठवण. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झालेल्या भूकंपाला ही मांडणी बरीच लागू पडते. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्येला मात्र ती तोकडी पडते, कारण इथं घटना संपतच नाही. तेरवीच्या आधी तलाठी येतो, पंचनामा होतो, प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ यावर समिती बसते. पात्र ठरलं तर एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. अपात्र ठरलं तर नवरा कशासाठी गेला याचा सरकारी निकालही बाईला ऐकून घ्यावा लागतो. सावकार दारात असतो तो वेगळाच.

या पार्श्वभूमीवर ‘विश्राम’ हा प्रकल्प मला महत्त्वाचा वाटतो. मनोविकारतज्ज्ञ डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत तो राबवला. निष्कर्ष २०१७मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले. डॉक्टरांची वाट न पाहता गावातल्याच माणसांना शिकवून त्यांना पहिली मदत देऊ दिली, आणि खरी अवघड प्रकरणं पुढं पाठवली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ टक्के झाले. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाला देता येत नाही. तरी गावातलीच माणसं हे काम करू शकतात, ही गोष्ट पक्की झाली.

माझी तक्रार दुसरीच आहे. मोजमाप एकेका माणसाचं झालं, घराचं राहिलं. राज्य सरकारच्या २०१५पासूनच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशाताई घरोघरी जातात खऱ्या, पण त्याही शोधतात ताणाखालचा माणूस. महिला किसान अधिकार मंचानं २०१८मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ जणींची पाहणी केली. सुमारे चाळीस टक्के जणींना शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. अशा बाईला झोप लागत नाही, हे लक्षण म्हणून नोंदवायचं की सातबाऱ्याची फेरफार नोंद म्हणून? गोळीनं झोप येईल. दीर फेरफारावर सही करेलच असं नाही.

घराला हात घालण्याचा मराठी अनुभव आपल्याकडे आहे, फक्त तो व्यसनमुक्तीच्या खात्यात जमा आहे. १९८६मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणनं बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालवला. नवरा पिणं सोडतो तेव्हा बायकोलाही वेगळं वागायला शिकावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

विदर्भातल्या अशा घरात बैठक घ्यायची तर सासूला बोलवावं लागेल. तिचा मुलगा गेलाय आणि तिला कुणी काही विचारत नाही. दिराला बोलवावं लागेल. भावाच्या कर्जाचा काही भार आता त्याच्यावर आहे, तोही रात्री जागा असतो. शाळा सोडून मजुरीला लागलेल्या थोरल्या पोराला बोलवावं लागेल. बाहेरच्या बाईसमोर घरचं काढायचं नाही म्हणून पहिल्या बैठकीला सगळे मुके बसतील, मग दुसरी घ्यावी लागेल, तिसरी घ्यावी लागेल, आणि त्यासाठी आशाताईला वेळ आणि मानधन दोन्ही द्यावं लागेल. आजच्या घडीला तिच्या हातात असते ती व्यक्तींची यादी.