डोंगर उबदार, शिवार गार

लासलगावात डिसेंबरमध्ये कुणी ‘धोडपवर मुक्कामाला चला’ म्हटलं, की नवख्यांची पहिली शंका थंडीची. इथं खालीच हुडहुडी भरते, मग साडेचौदाशे मीटर उंचीच्या डोंगरावर काय गत होईल? शंका रास्त आहे. उत्तर मात्र बहुतेक वेळा उलटं निघतं.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन दिवसभराची ऊब आकाशाकडे सोडून देते. वर ढगांची गोधडी नसली की ती अडवायला कुणी नसतं. जमीन गारठते, तिला टेकलेली हवाही गारठते. गार हवा जड, त्यामुळे ती पाण्यासारखी उतार धरते आणि ओढ्यानाल्यांच्या वाटेनं गोदावरी-कादवेच्या खोलगट पट्ट्यात येऊन साचते. आपला निफाड तालुका म्हणजे थंडीचं तळंच! डिसेंबर 2018मध्ये कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 1.8 अंशांवर उतरला होता. अशा रात्री द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी बागांमध्ये शेकोट्या पेटवतात.

डोंगराचा वरचा उतार या तळ्यातून डोकं बाहेर काढून असतो. उंचीबरोबर हवा दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते, हे शाळेतलं गणित अशा रात्री जमिनीलगतच्या काही शे मीटरांत उलटं चालतं. हिवाळ्यातल्या वर्तमानपत्रात तापमानाची चौकट बघा. थंड हवेचं ठिकाण म्हणून मिरवणारं महाबळेश्वर कित्येकदा निफाडपेक्षा उबदार असतं. अर्थात वारा सुटला की हा हिशेब मोडतो. वारा अंगाभोवतीची ऊब पळवतो, म्हणून कानटोपी हवीच.

आता धोडप किल्ल्याकडे. लासलगावहून चांदवडच्या बाजूला जाऊन महामार्गावर वडाळीभोई, तिथून धोडंबे आणि पायथ्याचं हट्टी. लांबूनच शिवलिंगासारखा माथा दिसतो आणि शेजारी एक सरळसोट कातळभिंत. भिंतीत मधोमध खाच, जणू कुणी सुरीनं कापा काढलाय. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्या थरांना उभ्या भेगा पडल्या आणि त्यांत खालून नवा लाव्हा घुसून थिजला. पुढं ऊन-पावसानं आजूबाजूचा दगड झिजवून नेला, पण भेगेतली चिवट भिंत उभी राहिली. म्हणजे आपण बघतो ती भिंत ही खरं तर एक भेग आहे! ओतीव मूर्तीचा साचा फुटून जावा आणि आतली मूर्ती उरावी, तसं काहीसं.

याच डोंगरावर 1768मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी राघोबादादांचा पराभव केला. पुतण्यानं काकाला धरलं, ही गोष्ट वाटेत मुलांना सांगितली की चढ निम्मा होतो.

मुक्कामाची जागा माथ्याच्या सुळक्याखालच्या कोरीव गुहा. सुळका चढायला दोर आणि प्रस्तरारोहणाचं शिक्षण लागतं, त्यामुळे त्याचं नावही काढायचं नाही. गुहेचा दगड दिवसभर तापतो आणि रात्री सावकाश निवतो. जवळ पाण्याची टाकी आहेत. दगडातल्या भेगांतून पावसाचं पाणी झिरपतं, हे ओळखूनच जुन्या पाथरवटांनी गडोगडी टाकी खोदली. तरी पाणी उकळून किंवा गाळून, निर्जंतुक करूनच प्यावं, आणि चढताना प्रत्येकाजवळ दोन लिटर असावं.

सगळं नियोजन खरं एका प्रश्नाभोवती फिरतं: गटातला सगळ्यांत हळू माणूस गुहेत केव्हा पोचेल? सराईत माणूस दोन तासांत चढेल, नवख्याला तीन-साडेतीन धरावेत. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे दुपारी दोनच्या आत हट्टी सोडायलाच हवं. हळू चालणाऱ्याला पुढं ठेवा, वाट माहीत असलेला एक जण शेवटी. उलट केलं की पुढचे विश्रांती घेऊन उठतात तेव्हाच मागचा धापा टाकत पोचतो, आणि त्याला विश्रांती अशी मिळतच नाही.

तारीख ठरवताना कालनिर्णय उघडा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढं रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा. शुद्ध द्वादशी ते पौर्णिमा गेलात तर अंधार पडायच्या वेळी चांदणं हजर. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक झगझगीत दिवा ती क्षणात घालवतो. म्हणून गुहेबाहेर बसलात की दिवे विझवा. बॅटरी मात्र प्रत्येकाची वेगळी हवी.

झोपताना थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. दगड अंगाची ऊब शोषत राहतो, पाठीखाली अडकलेली हवा तिला थोपवते. लासलगावकरांकडे यावरचा उपाय घरातच असतो: तागाची बारदानं. दोन पदरी बारदान, वर सतरंजी, अंगावर घोंगडी. चढताना भिजलेला सुती सदरा तिथं पोचताच बदला. सूत घाम धरून ठेवतं आणि तो वाळताना अंगाची ऊब नेतो. आमच्या एका सोबत्यानं हे ऐकलं नाही, आणि रात्रभर कुडकुडत बसला.

कातळाला आग्यामोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा यांतलं काहीच नको. गुहेत शेकोटीही नको. धूर कोंडतो आणि कोरीव दगड काळा पडतो.

पहाटे उठा. वारा नसेल आणि नशीब असेल तर खाली शिवारावर धुक्याचा पांढरा थर पसरलेला दिसेल. रात्रभर साचलेल्या त्या थंडीच्या तळ्याचा हा पृष्ठभाग. भिंतीच्या कडेपासून लांब राहून तो बघा, आणि उजेड नीट झाल्यावरच उतरा. बारदानं तिथं टाकू नका. रात्री अंथरलेल्या त्याच बारदानांत गुहेतल्या रिकाम्या बाटल्या आणि पिशव्या भरून खाली आणा.