लेबल नको, फेरे मोजा!

घरी ॲम्प्लिफायर बनविणाऱ्या तरुणांना आमचा एक सरळ प्रश्न आहे. बोर्ड तुम्ही पारखून घेता. आयसी अस्सल की नक्कल हे दोन दुकाने फिरून तपासता. स्पीकरचा चुंबक हातात धरून पाहता. मग ट्रान्सफॉर्मर मात्र दुकानदार देईल तो, सांगेल त्या किमतीला, लेबलावर विश्वास ठेवून का घेता? सबंध पेटीतला सर्वांत जड, बहुधा सर्वांत महाग आणि ज्याच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो असा हा एकच भाग आहे. आणि नेमका तोच आपण डोळे झाकून विकत घेतो!

आम्ही पेशाने वकील, इंजिनिअर नव्हे. परंतु विद्यार्थीदशेपासून हाताने ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्याचा नाद आहे आणि तो आजही सुटलेला नाही. त्या अनुभवावरून आम्ही ठामपणे सांगतो की हे काम अवघड नाही. ते अवघड आहे असे भासविले गेले आहे. 'फेरे किती ते कुणाला सांगायचे नाही,' अशी ताकीद देणारे उस्ताद आम्ही पाहिले आहेत. पोरगा वर्ष-दोन वर्षे हँडल फिरवितो, पण आकडा उस्तादाच्या वहीत कुलूपबंद! हात कामगाराचा आणि हिशेब मालकाचा, ही रीत आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. स्पीकरमधून जो आवाज येतो त्याची ताकद आयसीत किंवा ट्रान्झिस्टरमध्ये नसते. ते फक्त नळाची चावी आहेत. टाकी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. टाकीत पाणी नसेल तर नळ कितीही चकचकीत असो, धार येणार नाही. एके काळी बाजारातल्या म्युझिक सिस्टिमवर हजारो वॅटचे 'पीएमपीओ' आकडे छापलेले असत. आत उघडून पाहिले तर मुठीत मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर. मुठीएवढे लोखंड हजारो वॅट सतत देऊ शकत नाही, हे सांगायला पदवी लागत नाही. लेबल खोटे बोलते, लोखंड आणि तांबे खोटे बोलत नाही.

लबाडी तीन ठिकाणी होते. पहिली, फेरे कमी मारले जातात. दुसरी, तार सांगितल्यापेक्षा बारीक वापरली जाते. तिसरी, तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियमची तार, वर तांब्याचा मुलामा किंवा तांब्याच्या रंगाचे एनॅमल. तिन्ही लबाड्या बाहेरून दिसत नाहीत. पहिले दोन-तीन तास सेट छान वाजतो. मग ट्रान्सफॉर्मर तापतो, गुरगुरतो आणि ऐन कार्यक्रमात धूर निघतो. दोष मात्र सेट बनविणाऱ्या पोराच्या माथी मारला जातो.

या यंत्राचा उगमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून विद्युतप्रवर्तनाचा शोध लावला. फॅरेडे लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम झालेली. पोटासाठी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केली आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकले. सर हम्फ्री डेव्ही यांच्याबरोबर १८१३ साली युरोपच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा डेव्हींच्या पत्नीने त्यांना नोकरासारखे वागविले. त्या काळी वेष्टण घातलेली तार आजच्यासारखी बाजारात मिळत नव्हती. म्हणून त्यांनी सुती कापड आणि दोरा घालून एकेक थर स्वतः गुंडाळला. ते कडे आजही तेथे जपून ठेवलेले आहे. पुढे १८८५ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी बंद गाभ्याचा व्यवहारोपयोगी ट्रान्सफॉर्मर सिद्ध केला. परंतु सुरुवात हाताने गुंडाळलेल्या त्या कड्यापासून झाली, हे विसरता कामा नये.

आता हिशेबाकडे वळू. एक नेहमीचे उदाहरण घेऊ. एलएम ३८८६ सारख्या आयसीचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर, आठ ओहमचे स्पीकर, घरात ऐकण्यापुरता. त्यासाठी १८-०-१८ व्होल्ट, १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरेसा होतो. ब्रिज आणि कपॅसिटरनंतर भार असताना दोन्ही बाजूंना साधारण २४ व्होल्ट डीसी मिळते.

पहिली पायरी गाभ्याची. व्हीएचे वर्गमूळ काढा आणि त्याला १.१५ ते १.२ ने गुणा. १०० चे वर्गमूळ १०, म्हणून साडेअकरा ते बारा चौरस सेंटिमीटर. हे क्षेत्रफळ ई-पत्तीच्या मधल्या जिभेची रुंदी गुणिले पत्त्यांच्या थप्पीची उंची, असे मोजायचे. जीभ ३.८ सेंटिमीटर आणि थप्पी ३.२ सेंटिमीटर घेतली तर बारा चौरस सेंटिमीटर होतात. पत्त्यांमधील वार्निश आणि फटी वजा जाता खरे लोखंड अकरा धरावे.

दुसरी पायरी फेऱ्यांची. हेच ते वहीत लपविलेले गुपित! ४५ ला लोखंडाच्या क्षेत्रफळाने भागा. ४५ भागिले ११ म्हणजे एका व्होल्टला साधारण ४ फेरे. हा ४५ कुठून आला? तो मंत्र नाही. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आणि लोखंडातील चुंबकीय घनता १ टेस्ला धरली की फॅरेडेच्या नियमातून ४५ निघतो. चांगल्या प्रतीची सीआरजीओ पत्ती याहून जास्त घनता सहज सोसते. परंतु भंगारातून आणलेल्या पत्तीची जात कळत नाही, म्हणून १ टेस्लावर थांबावे. आवाजाच्या कामाला तेच हिताचे असते.

म्हणजे प्रायमरीला २३० गुणिले ४, असे ९२० फेरे. सेकंडरीला १८ गुणिले ४, म्हणजे ७२. भाराखाली पडणारे व्होल्टेज भरून काढण्यासाठी पाच टक्के वाढवून ७६. असे ७६ अधिक ७६.

तिसरी पायरी तारेची. एका चौरस मिलिमीटरला अडीच ते तीन अँपिअर, हा घरगुती कामाचा सुरक्षित दर. प्रायमरीत १०० भागिले २३०, म्हणजे ०.४३ अँपिअर; त्याला २६ गेज. सेकंडरीत १०० भागिले ३६, म्हणजे २.८ अँपिअर, त्याला १८ गेज. सगळे मिळून अर्ध्या किलोहून थोडे जास्त तांबे आणि दोन किलोच्या आसपास लोखंड लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत जाल तेव्हा हे आकडे खिशात घेऊन जा. ज्याच्याकडे आकडा असतो त्याच्याशी दुकानदारही वेगळ्या सुरात बोलतो.

गुंडाळताना घाई नको. बॉबिनवर तार सरळ, एकमेकींना लगटून, थर पूर्ण करीत न्यावी. प्रत्येक थरावर पातळ इन्सुलेशन कागद. शंभर फेऱ्यांनंतर कागदावर एक रेघ ओढावी, म्हणजे मोजणी चुकत नाही. सेकंडरीच्या दोन तारा जोडीने एकदम गुंडाळाव्यात. मग पहिल्या तारेचे शेवटचे टोक दुसऱ्या तारेच्या सुरुवातीला जोडले की मधला शून्य तयार होतो. बाहेरच्या दोन टोकांत ३६ ते ३८ व्होल्ट दिसले पाहिजेत. काहीच दिसले नाही तर समजावे की जोड उलटा झाला आहे.

आता जिवाचा प्रश्न. प्रायमरीत २३० व्होल्ट आहेत आणि सेकंडरी ॲम्प्लिफायरच्या पत्र्याच्या डब्याला जोडलेली असते. या दोहोंमधले वेष्टण फाटले तर मायक्रोफोन हातात धरणाऱ्याच्या अंगात थेट मेनची वीज जाईल. म्हणून प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये पॉलिस्टर फिल्मचे किमान तीन पूर्ण थर, कडांपर्यंत गेलेले. तारेच्या टोकांना स्लीव्ह. प्रायमरीला फ्यूज. आणि गाभा व डबा अर्थिंगला पक्के जोडलेले. तीन पिनांची कॉर्ड कापून दोन पिना लावण्याची सवय अनेक वस्त्यांत दिसते. ही काटकसर नव्हे, हा आत्मघात आहे.

काही जण दोन वेटोळ्यांत तांब्याच्या पट्टीचा पडदा घालतात आणि तो अर्थ करतात. उत्तम. पण पट्टीची दोन टोके एकमेकांना टेकू देऊ नका. मध्ये कागद घाला. ती टेकली की तोच एक शॉर्ट फेरा होतो आणि एकटा शॉर्ट फेरा सबंध ट्रान्सफॉर्मर जाळू शकतो.

गुरगुरण्याबद्दल बराच गैरसमज आहे. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुरगुरत असेल तर पत्त्या सैल आहेत किंवा फेरे कमी आहेत. व्होल्टला चारऐवजी तीनच फेरे मारले की तांबे वाचते. पण लोखंडातील घनता १ वरून १.३३ वर जाते. रात्री लाइनचे व्होल्टेज २५० झाले की ती आणखी चढते. साधे लोखंड अशा वेळी तृप्त होऊ लागते, रिकाम्या अवस्थेतही जास्त करंट ओढते आणि तापते. त्यावर उपाय म्हणजे पूर्ण फेरे, ई आणि आय आलटून-पालटून घट्ट बसविणे आणि वार्निशात बुडवून वाळविणे. आवाज स्पीकरमधून येत असेल तर कारण वेगळे. ट्रान्सफॉर्मरचे विखुरलेले चुंबकत्व इनपुटच्या तारांत शिरते. ट्रान्सफॉर्मर इनपुटपासून दूर ठेवा आणि स्क्रू आवळण्यापूर्वी तो फिरवून पाहा; एका दिशेला आवाज सर्वांत कमी होतो.

तपासणीशिवाय काही स्वीकारू नका, स्वतःचे कामही नाही. मल्टिमीटरने प्रायमरीचा रोध पाहा. वरील मापाला तो साधारण १७ ओहम येतो. २७-२८ आला तर तार ॲल्युमिनियमची समजा. तारेचे टोक खरवडून पाहिले की पांढरा धातू साक्ष देतो. मग सेकंडरी मोकळी ठेवून, १०० वॅटचा जुना तंतूवाला बल्ब सिरीजमध्ये लावून मेन द्या. बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा अगदी मंद झाला तर काम चोख. प्रखर पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्बने ही परीक्षा होत नाही. जुने बल्ब आता दुर्मीळ होत चालले आहेत. एक-दोन जपून ठेवा.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर ही पुढची इयत्ता. तिथे हिशेब रोधाचा असतो. व्हॉल्व्हला ५००० ओहम हवेत आणि स्पीकर ८ ओहमचा. गुणोत्तर ६२५, त्याचे वर्गमूळ २५. म्हणून फेऱ्यांचे प्रमाण २५ ला १. शिवाय उंच सूर मरू नयेत म्हणून प्रायमरी-सेकंडरीचे भाग एकाआड एक गुंडाळावे लागतात. ब्रिटनमध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात आपला प्रसिद्ध ॲम्प्लिफायर छापला तेव्हा आउटपुट ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळायचा हेही उघडपणे दिले. जगभरच्या हौशी माणसांनी तो घरी बनविला. गुपित उघड केल्याने विल्यमसन लहान झाले नाहीत; त्यांचे नाव आज पाऊणशे वर्षांनंतरही घेतले जाते.

शेवटी कायद्याचे दोन शब्द. तयार ट्रान्सफॉर्मर किंवा तार घ्याल तेव्हा पक्के बिल घ्या आणि त्यावर व्होल्ट, अँपिअर, 'तांबे' हे शब्द लिहून घ्या. दुकानदार म्हणतात, 'तुम्ही धंद्यासाठी घेता, तुम्ही ग्राहक नाही.' हे अर्धसत्य आहे. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका चालविण्यासाठी घेतलेला माल व्यापारी हेतूचा मानला जात नाही. १९८६ च्या कायद्यात पुढे आलेले हे संरक्षण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही कायम आहे. सेट बनवून पोट भरणारा पोरगा ग्राहक आहे, आणि ग्राहक आयोगाचे दार त्याला उघडे आहे. मात्र हातात बिल पाहिजे.

आणि जो माल आपण बनवितो त्यालाही हाच न्याय लावला पाहिजे. आपण गुंडाळलेल्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर फेरे, गेज, व्होल्ट आणि तारीख लिहून चिकटवा. उद्या तो जळाला तर दुसरा कारागीर तो आकडा पाहून पुन्हा गुंडाळू शकेल. शेजारच्या पोराला हँडल फिरवायला द्याल तेव्हा वहीही त्याच्यासमोर उघडी ठेवा. नुसते हँडल फिरविणारे हात आपल्याकडे पिढ्यानपिढ्या होते. हिशेब मांडणारे हात आता घडवायचे आहेत.