तीन बोटं जातात का तोंडात?

एक काम करा. तोंड पूर्ण उघडा, हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघा. गेली? मग निवांत वाचा. दोनच गेली, तर जरा नीट वाचा.

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ हेच बघतात. पूर्ण भूल दिली की स्नायू सैल पडतात, आपला श्वास आपण घेत नाही. मग तोंडातून श्वासनलिकेत नळी सरकवावी लागते. तिला जागाच मिळाली नाही तर? ऑक्सिजनविना चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते.

नळी कोणाला अवघड जाणार, हे आधीच ओळखायची एक साधी युक्ती डॉ. शेषगिरी मल्लमपती या मूळच्या आंध्रच्या, अमेरिकेत काम करणाऱ्या भूलतज्ज्ञांनी शोधली. पेशंटला बसवायचं, तोंड उघडून जीभ बाहेर काढायला लावायची आणि पडजीभ किती दिसते ते बघायचं. २१० पेशंट तपासून १९८५ साली त्यांनी हे मांडलं. ना मशीन, ना खर्च! आजही जगभर ही तपासणी होते.

आता आपल्याकडचं बोलू. पन्नीत घोटलेला खर्रा म्हणजे काय, हे आर्णीत कोणाला सांगायची गरज नाही. त्यातल्या सुपारीमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली कडक तंतू तयार होतात. आधी तिखट सोसत नाही, मग गाल ताठरतात, मग तोंड उघडणं कमी होत जातं. मुंबईच्या डॉ. जोशींनी १९५३ मध्येच या आजाराबद्दल लिहून ठेवलंय. पुढे यातून कॅन्सरचाही धोका असतो. आणि ‘मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी’ हे इथे चालत नाही भाऊ. या आजारात मुख्य दोषी सुपारीच.

अशा पेशंटला डॉक्टर बहुतेकदा जागेपणीच, घसा बधिर करून, नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घालतात आणि तिच्यावरून नळी सरकवतात. भारतीय तज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, लॅरिंगोस्कोपने जास्तीत जास्त तीन प्रयत्न, तोवर नाकातून ऑक्सिजन चालू. काहीच जमलं नाही, तर शेवटी गळ्यातून वाट करायची.

ठरवून केलेल्या ऑपरेशनला हे सगळं तयार ठेवता येतं. पण नागपूर-तुळजापूर हायवेवर रात्री गाडी घसरली, तोंडात रक्त साचलंय, तर दुर्बिणीतून धड दिसतही नाही. त्यात तोंड दोनच बोटं उघडतंय.

म्हणून भूलतज्ज्ञांनी विचारलं, ‘खर्रा खाता का?’ तर आई शेजारी उभी आहे म्हणून ‘नाही’ म्हणू नका. वाटल्यास तिला बाहेर थांबायला सांगा, पण खरं बोला. बोटं दोनच जात असतील तर आठवडाभरात दातांच्या डॉक्टरांना दाखवा. गेलेली जागा बहुधा पूर्ण परत येत नाही; पण सुपारी आजच सोडली आणि सांगितलेले तोंडाचे व्यायाम रोज केले, तर उरलेली टिकवता येते.