ताणाची ओळख : शरीर, चित्त आणि समाज

‘फार टेन्शन आले आहे’ हे वाक्य आज घराघरांतून ऐकू येते. परीक्षेला बसलेला विद्यार्थी ते बोलतो, रोजंदारीवरचा कामगार बोलतो, आणि मुलीचे शिक्षण व घरखर्च यांची जुळवाजुळव करणारी माताही बोलते. शब्द सर्वांच्या ओठांवर असला, तरी ताण म्हणजे नेमके काय आणि त्याची लक्षणे कशी ओळखावीत, याचा विचार फारसा होत नाही. ज्याची ओळखच पटलेली नाही, त्याचे निवारण करता येत नाही. दुःखाचे अस्तित्व मान्य करणे ही दुःखमुक्तीची पहिली पायरी होय, हे तर धम्माचेच सूत्र आहे.

प्रथम शरीराचा विचार करू. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे दाखवून दिले की, धोका जाणवताच प्राण्याचे शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात आणि पचन मंदावते. हान्स सेली यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांवरून या प्रक्रियेच्या तीन अवस्था मांडल्या : प्रथम धोक्याचा इशारा, नंतर प्रतिकार आणि शेवटी थकून खचणे.

ही व्यवस्था मुळात अल्पकाळासाठी आहे. धोका टळला की शरीराने पूर्वस्थितीवर यावे, अशी तिची रचना आहे. परंतु सावकाराचा हप्ता, वरिष्ठांची तुच्छतेची वागणूक किंवा नोकरी जाण्याची भीती यांच्याशी लढता येत नाही आणि त्यांच्यापासून पळूनही जाता येत नाही. धोका महिनोन्‌महिने उभा राहतो आणि शरीरही महिनोन्‌महिने सज्जच राहते. कॉर्टिसोलसारख्या संप्रेरकांचे हे दीर्घकाळचे कार्य झोप, पचन, रक्तदाब आणि रोगप्रतिकारशक्ती या सर्वांना बाधक ठरते.

ताणाची लक्षणे तीन ठिकाणी शोधावीत. शरीरात : वारंवार डोके दुखणे, मान व खांदे आखडणे, छातीत धडधडणे, भूक मंदावणे किंवा अकारण वाढणे, रात्री झोप न लागणे. मनात : क्षुल्लक कारणावरून चिडचिड, विस्मरण, एकाग्रता न होणे, साधा निर्णयही घेता न येणे. वर्तनात : माणसे टाळणे, मुलांवर ओरडणे, तंबाखू वा दारूचे प्रमाण वाढणे, आवडीच्या कामातही मन न लागणे. यांपैकी एखादे लक्षण दोन दिवस दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र अनेक लक्षणे आठवडेच्या आठवडे टिकली आणि नित्याचे काम अडू लागले, तर तो स्पष्ट इशारा समजावा. छातीत दुखू लागल्यास मात्र ‘ताण असेल’ असे स्वतःच ठरवू नये. प्रथम डॉक्टरांकडे जावे.

संयुत्तनिकायातील सल्लत्थ सुत्तात तथागतांनी दोन बाणांची उपमा दिली आहे. एका बाणाने विद्ध झालेल्या माणसाला दुसरा बाण लागावा, तसे अज्ञ माणसाचे होते. शारीरिक वेदना हा पहिला बाण. तिच्यामागून येणारा शोक, विलाप आणि मनाची तडफड हा दुसरा. प्रज्ञावान श्रावकाला पहिला बाण लागतो, दुसरा लागत नाही.

या उपमेचा एक विपरीत अर्थ लावला जातो, त्यापासून सावध राहिले पाहिजे. पहिला बाण मुकाट्याने सोसावा, असे येथे सांगितलेले नाही. बाण कोठून येतो, हे पाहणेही आवश्यक आहे. १९१७ साली परदेशातील शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी सरायीत त्यांना ओळख लपवून राहावे लागले आणि ओळख उघड होताच तेथून बाहेर काढण्यात आले. ओळख लपवून काढलेला प्रत्येक दिवस म्हणजे शरीराने धोक्याच्या इशाऱ्यात काढलेला दिवस होय. आजही शहरात भाड्याची खोली शोधणारा तरुण आडनाव विचारले जाताच क्षणभर थबकतो. वर्गात आपल्या प्रवेशाविषयी काय बोलले जाईल, याचा अंदाज घेत एखादी विद्यार्थिनी बसते. यांच्या निद्रानाशाला ‘मनाचा दुबळेपणा’ म्हणणे हे चुकीचे निदान आहे, आणि पूर्वजन्मीचे कर्म म्हणणे तर धम्मविरोधीच आहे. हा ताण व्यक्तीत दिसत असला, तरी त्याचे मूळ समाजात आहे.

म्हणून उपायही दुहेरी असले पाहिजेत. दुसऱ्या बाणासाठी स्मृतीचा अभ्यास आहे. सतिपट्ठान सुत्तातील क्रमाने रोज सायंकाळी काही मिनिटे स्वस्थ बसावे आणि पाहावे : काया कोठे आखडली आहे? वेदना सुखद आहे की दुःखद? चित्तात क्रोध आहे की भय? उत्तर बदलण्याची घाई करू नये, नुसते जाणावे. पुरेशी झोप, चालणे आणि विश्वासू माणसाजवळ मोकळेपणाने बोलणे यांचीही जोड द्यावी. पहिल्या बाणासाठी मात्र संघटन, कायदा आणि परस्परांचा आधार हवा. एकट्याने सोसलेला अपमान माणसाला आतून पोखरतो. चारचौघांत मांडलेला अपमान प्रश्न बनतो, आणि प्रश्नाला उत्तर शोधता येते.

येथे विहारांवर मोठी जबाबदारी आहे. बुद्धवंदनेनंतर उपासक-उपासिकांनी परस्परांची विचारपूस करावी. गप्प झालेला तरुण, येईनाशी झालेली भगिनी यांच्याकडे लक्ष द्यावे. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखविले, तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्या व्यक्तीस एकटे सोडू नये आणि तत्काळ मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते. वैद्यकीय मदत घेणे हा साधनेतील उणेपणा नव्हे. बाण लागलेल्याचा बाण काढणे हे प्रज्ञेचे आणि करुणेचे, दोहोंचे काम आहे.